घासलेला स्क्रू

"नत्थूजींचं घर हेच काय?"

"पलीकडचं," मी मान वर न करताच सांगितलं. माझा सगळा जीव त्या वेळी एका स्क्रूत अडकला होता. नवं ग्राफिक्स कार्ड टेबलावर तयार होतं, पण जुनं कार्ड कॉम्प्युटरचं कॅबिनेट सोडायला तयार नव्हतं. शनिवारी रात्रीपर्यंत मिहानमधल्या एका कंपनीला ॲनिमेशनचा नमुना पाठवायचा होता, नाहीतर हाताशी आलेली नोकरी गेलीच... आणि आज बुधवार!

"जोर नका लावू, मॅडम. खाचा घासल्या त्याच्या."

तो गेलाच नव्हता. खांद्यावर बॅग, कपाळावर घाम आणि डोळ्यांत हसू. नाव संघपाल, नत्थूजींचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला. आईने पाणी दिलं तसा तो कूलरसमोर मांडी घालून बसला. रबर मागितलं, तर मी वेणीचं काढून दिलं. पेचकस घसरू नये म्हणून ते स्क्रूवर ठेवून त्याने तो फिरवला. स्क्रू हलला नाही. त्याची नजर माझ्या मोकळ्या केसांवर गेली आणि मीच उगाच गडबडले.

"उद्या येतो," म्हणाला, आणि पेचकस विसरून गेला.

गुरुवारी पेचकस न्यायला आला, पक्कडीने स्क्रूशी झटला आणि ती पक्कडच विसरून गेला. स्क्रू तिथेच! मला काही कळेना. हा विसरभोळा आहे, कामात कच्चा आहे, की...? त्या 'की'च्या पुढे जायला मी घाबरत होते.

संध्याकाळी सहज त्याची पक्कड स्क्रूला लावली. जरा पिळताच तो अलगद हातात आला. मी ओरडणार होते... पण ओरडले नाही. कार्ड बसलं तर उद्या तो पक्कड घेऊन दारातूनच परत जाईल. मी स्क्रू परत बसवला आणि पक्कडीने चांगला आवळला. का, ते विचारू नका. मी स्वतःलाच रात्रभर विचारत होते.

शुक्रवारी तो आला, पक्कड लावली आणि गोंधळून बघतच राहिला. पुन्हा लावली. कूलरसमोर बसूनही घामाघूम झाला. आता मात्र माझं धाबं दणाणलं.

"खरंच नाही निघून राहिला का?"

"आज खरंच नाही," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"आज खरंच म्हणजे?"

तो पक्कडीकडे बघत राहिला. "काल मी ढिला करून ठेवला होता. पुरा काढला असता, तर आज इथं कोणत्या तोंडानं बसलो असतो? मले वाटलं, दोन मिनिटांत काढतो, आन् मग... बोलतो. पण हा एवढा घट्ट झाला कसा?"

माझे कान तापले. "मी आवळला."

"काहून?"

"तुम्ही ज्याच्यासाठी ढिला केला, त्याच्यासाठीच."

मग तो असा हसला, की स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "निघाला का गा?"

"हसता काय? माझी नोकरी जाऊन राहिली!" मी कॅबिनेट गच्च धरलं, त्याने सगळी ताकद लावली. कट्ट झालं आणि स्क्रू सुटला. अर्ध्या तासात नवं कार्ड बसलं.

मग त्याने पेचकस, पक्कड, सगळं आठवणीने बॅगेत भरलं. माझं रबरही परत दिलं. मला वाईट वाटलं... एवढं सगळं आवरायची काय गरज होती?

दारात तो थांबला. "आज काहीच विसरलो नाही. तरी उद्या येतो... चालेल?"

"परवा या," मी म्हटलं. "उद्या मले नमुना पाठवायचा आहे."