टाकीतली मंडळी जेवायला आलीच नाहीत

शनिवारी सकाळी साडेनऊला खेकड्याने बातमी सांगितली, तेव्हा शाळकरी रेणुका मगदूम आनंदाने टाळीच वाजवणार होती.

"टाकी क्रमांक तीन. पाण्यात विरघळलेला प्राणवायू रोज दोन असतो. आज सात आहे," खेकडा म्हणाला.

खेकडा म्हणजे हिरडगावच्या रुग्णालयाच्या सांडपाणी केंद्रातला यंत्रमानव. घमेल्याएवढा, आठ पायांचा. टाक्यांच्या तळाशी फिरायचं, प्रत्येक पायाने पाण्यातली एकेक गोष्ट मोजायची आणि वर येऊन आकडे सांगायचे, एवढंच त्याचं काम. सध्या त्याला सातच पाय होते. क्लोरीन मोजणारा पाय गेल्या महिन्यात मोडला होता आणि दुरुस्तीला गेला तो गेलाच होता.

"प्राणवायू वाढला म्हणजे चांगलंच की!" रेणुका म्हणाली.

मुल्लाणी चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. चाचा मोठे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ (डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या जीवांचा अभ्यास करणारे). तीस वर्षं त्यांनी याच केंद्रात काढली होती आणि वासाला कंटाळून त्यांचं नाक केव्हाच संपावर गेलं होतं.

"चांगलं? आगं, शंभर माणसांचा स्वैपाक केला आणि सगळाच्या सगळा शिल्लक राहिला, तर घरची माणसं खूश हुतील का घाबरतील?"

"घाबरतील. म्हणजे कुणी जेवायलाच आलं नाही."

"मग? या टाकीत कोट्यवधी सूक्ष्मजीव हायेत. पाण्यातली घाण हे त्यांचं जेवण. जेवताना ते श्वास घेत्यात, म्हणून प्राणवायू कमी हुतो. आज तो तसाच पडलाय."

त्यांनी टाकीतला एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शक रेणुकापुढे सरकवला. एरवी तिथे जत्रा असे. देठावर डोलणारे घंटीच्या आकाराचे जीव, घाईघाईत पळणारे लांबट जीव. रेणुका दर शनिवारी इथे येऊन त्यांना बघायची, आणि चाचा काचपट्टी लावताना नेहमी म्हणायचे, "चला मंडळी, जेवायला बसा." आज सगळे चिडीचूप होते. एकही हलत नव्हता.

तेवढ्यात केंद्रात लाल दिवा लागला आणि खटकन आवाज झाला. नदीकडे जाणाऱ्या नळाला आपोआप कुलूप लागलं होतं. पाणी नीट साफ झालं नाही, तर थेंबभरही नदीत सोडायचं नाही असा नियम होता, आणि नवी कुलपं कुणाचं ऐकत नसत.

"आता सगळं पाणी राखीव टाकीत," खेकडा म्हणाला. "ती साडेतीनला भरेल. मग डायलिसिस विभागाची मोरी बंद."

डायलिसिस म्हणजे निकामी झालेल्या मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त गाळणं. तिच्या पप्पांना ते आठवड्यातून तीनदा लागे. एका वेळी शंभर लिटरांहून जास्त पाणी त्या यंत्रातून मोरीत जातं. मोरी बंद म्हणजे यंत्र बंद. आणि आज चार वाजता पप्पांची पाळी होती. काल रात्रीपासूनच त्यांचे पाय सुजले होते.

"चाचा, एक दिवस सोडा ना नदीत! एकच दिवस!"

चाचा रागावले नाहीत. "घरच्या सांडपाण्यात साबण, खरकटं. आपल्या पाण्यात त्याशिवाय काय असतंय? औषधं. रोग्याच्या पोटात गेलेलं सगळं औषध काय खर्च हुत न्हाई, बरंचसं लघवीतनं भाईर येतंय. ते नदीत गेलं की तिथल्या जंतूंना रोज थोडं थोडं चाखायला मिळतं. चाखून चाखून ते सरावत्यात. मग एक दिवस खालच्या गावात एखादं पोर तापानं फणफणतं, डॉक्टर तेच औषध देतो, आणि जंतू त्याला भीकच घालत न्हाईत."

रेणुकाचे पाय एका जागी ठरेनात. ती टाकीच्या कठड्याला लागून फेऱ्या मारू लागली.

"विष कुठलं, तेच कळंना," चाचा स्वतःशीच बोलत होते. "प्रयोगशाळेतलं रसायन? कर्करोगाचं औषध? प्रत्येकाचा उतारा निराळा. सगळ्या चाचण्या करायला संध्याकाळ हुईल."

रेणुका टाकीवर वाकली आणि जागच्या जागी थबकली. तिचं नाक संपावर नव्हतं. पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास येत होता. तिने हळूच आपली बोटं नाकाशी नेली. तोच वास, कालचा.

काल शाळेच्या स्वच्छता सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. रुग्णालयाच्या मोऱ्यांना वास येतो, पप्पांना यंत्राला लावलेलं असताना त्या वासाने मळमळतं, म्हणून वर्गाची प्रमुख असलेल्या रेणुकाने शक्कल काढली होती. कोठारात हायपोचे (जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या पाण्याचे) चाळीस कॅन पडून होते. वीस मुलं, प्रत्येकी दोन कॅन, सगळे मोरीत. रुग्णालय कसं लखलखलं! बाईंनी पाठ थोपटली होती. आज दहा वाजता बक्षीसही मिळणार होतं.

आता सांगावं, तर चाचा काय म्हणतील? पप्पांना कळलं तर? न सांगावं, तर संध्याकाळ होईल. तिने घड्याळाकडे पाहिलं. दहाला पाच मिनिटं कमी होती.

"चाचा, मी मारलं त्यांना," ती म्हणाली, आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

चाचांनी कपाळाला हात लावला. "चाळीस कॅन! आगं, हायपो पोरांच्या हातात द्यायचं असतंय व्हय? कोठारवाल्याला बघतो मी." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "पण पोरी, सांगितलंस ते लई बरं केलंस. जंतू मारणाऱ्या पाण्याला चांगला जंतू, वाईट जंतू काय कळतंय? त्याच्या वाटेत येईल तो मेला. आता उतारा सांग बघू. घरी मासे पाळलेत न्हवं?"

रेणुकाने डोळे पुसले. माशांचं पाणी बदलताना नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासे मरू नयेत म्हणून ती त्यात थेंब टाकायची. "क्लोरीन उतरवायचे थेंब!"

"तेच. सोडियम थायोसल्फेट (क्लोरीन निष्प्रभ करणारा क्षार). आपल्याकडं पोत्यानं हाय."

चाचांनी पोतं फोडलं. खेकड्याने टाकीभर फिरून क्षार ढवळला. अर्ध्या तासाने रेणुकाने पुन्हा वास घेतला. उग्रपणा गेला होता. पण सूक्ष्मदर्शकाखाली अजून सामसूमच होती.

"विष उतरलं, पण मेलेले काय उठत न्हाईत," चाचा म्हणाले. "आता विरजण पायजे. दुधात काल‌चं दही घातल्याशिवाय दही लागतंय का?"

"विरजण आणायचं कुठून?"

"दोन वर्षांमागं वाळेखिंडीच्या रुग्णालयाला आपण आपल्या टाकीतला, जीवांनी भरलेला चार कॅन गाळ दिला होता, त्यावर त्यांची टाकी सुरू झाली. तिकडची मंडळी आपलीच लेकरं हायेत. औषधांचं पाणी पचवायची त्यांना सवय हाय."

चाचांनी फोन केला आणि वाळेखिंडीहून टँकर निघाला, बिनचालकाचा, नियमांना चिकटून चालणारा. प्रत्येक गतिरोधकाला तो थांबत असणार, असं रेणुकाला वाटत होतं. तिने बक्षिसाचा निरोप आला तेव्हा "मला नको" एवढंच सांगितलं. दर पाच मिनिटांनी ती राखीव टाकीची पातळी दाखवणारी पट्टी वाचून यायची.

"जरा टेक की! तुझ्यामुळं खेकड्यालाबी चक्कर येतीय," चाचा म्हणाले.

"चाचा, पुढे तर ओझोन आहे, कोळसा आहे. मग या जीवांशिवाय त्यांनीच सगळं साफ केलं तर?"

"नळी बघत चल, म्हणजे कळंल." चाचांनी तिला एकेक टप्पा दाखवला. आधी जाळी, तिथे बोळे आणि पट्ट्या अडकतात. मग जीवांची टाकी, ते घाणीचा मोठा ढीग खातात. मग बारीक भोकांचा गाळणपडदा, त्यातून जीवाणूसुद्धा पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून मंडळी टाकीतच राहतात. पण विरघळलेली काही औषधं निसटतात. त्यांचे तुकडे करतो ओझोन (तीन अणूंचा, भलताच तापट प्राणवायू). उरलेलं असंख्य बारीक छिद्रांचा कोळसा धरून ठेवतो. शेवटी अतिनील दिवा चुकार जंतूंचा बंदोबस्त करतो.

"ओझोनपुढं सुरवातीलाच सगळी घाण टाकली, तर तो साबण आणि खरकटं फोडण्यातच दमंल. औषधापर्यंत पोचणारच न्हाई. ढीग ह्यांनी उपसायचा, वेचायचं काम त्यानं करायचं."

सव्वा वाजता टँकर आला. तपकिरी, मातीचा ओला वास येणारा गाळ टाकीत ओतला गेला. चाचांनी हवा वाढवली. दोन वाजले, अडीच, तीन.

"प्राणवायू साडेसहा," खेकडा म्हणाला. मग, "सहा."

साडेतीनला डायलिसिस विभागाच्या मोरीचा दिवा लाल झाला. पप्पा बाही वर करून खुर्चीत बसले आहेत असा निरोप सिस्टरनी पाठवला. रेणुकाला धड उभंही राहवेना, बसवेना. तिने नवा थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकली.

कोपऱ्यात एक घंटी देठावर हलली. थांबली. पुन्हा हलली, आणि तिच्या तोंडाभोवतीचं पाणी गरगर फिरू लागलं. ती जेवत होती.

"चाचा!" रेणुका किंचाळलीच.

"प्राणवायू चार," खेकडा म्हणाला. "बाहेर पडणारं पाणी: औषधं मर्यादेत, जंतू शून्य."

चार वाजून दहा मिनिटांनी कुलूप खटकन उघडलं. "पुरती सावरायला पंधरा दिवस लागतील," चाचा म्हणाले. "तवर रोज आकडे लिहायचे. कोण लिहिणार?"

"मी," रेणुका पळता पळता ओरडली.

पप्पांना यंत्राला लावलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"माझ्यासाठी केलंस व्हय गं," पप्पा म्हणाले. "वासाचं मी सहन करीन. पण आता ती घाण खाणारी तुझी मंडळी सांभाळ. पुढं वाळेखिंडीसारख्या किती गावांना विरजण लागंल."

यंत्रातून निघालेलं पाणी खळखळत मोरीत पडू लागलं. मोरीला आज जरासा वास होता. रेणुका तिच्यावर वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "चला मंडळी, जेवायला बसा."