उघडी मोजणी

अबू रुश्दींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, तरी गुडघा साठ अंशांवरच अडून बसला होता. गुरुवारी डॉक्टर तपासणार होते. नव्वद भरले नाहीत, तर पुन्हा भूल देऊन तो जबरदस्तीने वाकवायचा, आणि म्हाताऱ्याचं हृदय ती भूल सोसेल असं कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट शुरूक रोज सकाळी जेनिन शहरातून या खेड्यात यायची.

टाच गादीवरून मागे ओढायची, दहा वेळा. शुरूक मोजायची, "एक, दोन, तीन..."

"पोरी, उघडं मोजू नकोस," अबू रुश्दी कुरकुरायचे. चाळीस वर्षं त्यांनी खळ्यावर गावाचा गहू मापला होता. तिथे आकडा न उच्चारता पहिल्या मापाला 'अल्ला एकच' म्हणत, दुसऱ्याला 'त्याला दुसरा नाही', सातव्याला 'सढळ'. "उघड्या आकड्याचं माप भलताच कुणीतरी उचलून नेतो."

"काका, हा गहू नाही, गुडघा आहे. ओढा. चार!"

व्यायामात गुडघा ऐंशीपर्यंत यायचा. चहा पिऊन होईस्तोवर कोनमापक पुन्हा साठ दाखवायचं. सूज नाही, ताप नाही. शुरूकची मती गुंग झाली.

सोमवारी भिंतीपलीकडच्या बंद कोठारातून टाच घासल्याचा आवाज आला.

"उंदीर असेल," ती म्हणाली.

उंदीर दहाला थांबला.

मंगळवारी तिने त्यांच्या सुनेकडून किल्ली घेऊन कोठार उघडलं. जमिनीवर वर्षानुवर्षांची धूळ, आणि धुळीत एकाच टाचेचा सरळ चर. आत आल्या-गेल्याचं एकही पाऊल नव्हतं. गुडघा पुरता वाकल्याशिवाय एवढी लांब ओढ निघत नाही, हे तिला पाहताक्षणी कळलं.

बुधवारी ती हळूच म्हणाली, "अल्ला एकच."

अबू रुश्दी हसले नाहीत. त्यांनी टाच ओढली.

चहानंतर कोनमापक पासष्टवर होतं. पहिल्यांदाच टिकलं होतं. शुरूकला रडू आवरेना. पाच आठवडे तिने स्वतःच्या तोंडाने मोजून देऊन टाकले होते, आणि उद्या गुरुवार होता.

पलीकडे कुणीतरी उभं राहिलं.

पावलं वाजली. न लंगडता, झपझप, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

अबू रुश्दी कान देऊन ऐकत राहिले. "चाल माझीच आहे," ते म्हणाले. "लग्नाच्या वेळची."

मग पावलं थांबली. कोठाराची किल्ली शुरूकच्या खिशात होती.

ती धावत घराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. पाच आठवडे न हललेले अबू रुश्दींचे जोडे तिथे नव्हते. धुळीत त्यांच्या जागा तेवढ्या स्वच्छ होत्या.