आजीचा लोटा खाली पडेना

अस्थी सोडल्यावर मागं वळून बघायचं नसतं. मी बघितलं. आजीच्या अस्थींचा तांब्याचा लोटा खिडकीबाहेर जिथल्या तिथं होता!

आमचं अंतराळस्थानक पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचावर आहे. आजीला ते कधीच आवडलं नाही. "डब्यात कोंडल्यासारखं वाटतं गं, वल्लरी. मेल्यावर तरी मला खाली मातीत न्या," असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला तसा शब्द दिला होता. खाली जाणाऱ्या यानात अस्थी नेऊ देत नाहीत, म्हणून आज त्यांनी स्थानकाच्या यंत्रहातानं लोटा बाहेर नेला आणि अलगद सोडला. अस्थी कुणी भिरकावतं का?

"आबा, लोटा पडत नाहीये!"

"हं." आजी गेल्यापासून ते एवढंच बोलत होते.

"इथं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना पृथ्वीकडे ओढणारं बल) नाही, म्हणून ना?"

चुकीचं ऐकलं की आबांना राहवत नाही. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलंय त्यांनी. "कोण म्हणतं नाही? जमिनीवर असतं त्याच्या जवळजवळ नव्वद टक्के इथं आहे."

"मग तो पडत का नाही?"

"पडतोय की. तूही पडतेस, मीही पडतोय."

मी चिडलेच. एक तर आजी गेलेली, त्यात ही कोडी!

"अगं, टेकडीवरून दगड आडवा फेक," आबा म्हणाले. "पुढं जाता जाता तो खाली येतो. जोरात फेकलास तर लांब जाऊन पडतो. आणि प्रचंड वेगानं फेकलास तर? तो जितका खाली येईल, तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखाली वळत जाईल. तो पडतच राहील, पण जमीन काही गाठणार नाही. ही त्याची कक्षा (ग्रहाभोवती फिरण्याची वाट). आपलं स्थानक असंच पडतंय. लोटा आपल्याकडूनच सुटला, म्हणून त्याचाही वेग तोच."

"मग त्याला खाली कसं न्यायचं?"

"वेग कमी करायचा. मागच्या दिशेला धक्का द्यायचा. मग वाट आत वळते आणि हवेत शिरते."

मग एकदम माझ्या लक्षात आलं. एवढं सगळं शिकवणारा माणूस लोटा नुसता अलगद सोडतो?

"आबा, तो पडणार नाही हे तुम्हाला माहीत होतं!"

त्यांनी तोंड फिरवलं. इथं अश्रू ओघळत नाहीत, डोळ्यांवरच साचतात. आबांनी ते बाहीनं टिपले. "राहू दे ना गं जरा. खिडकीतून दिसत तरी राहील."

"मलाही आजी हवी आहे!" मला रडूच फुटलं. "पण तिला इथं नको होतं, आबा. तुम्ही शब्द दिलात ना?"

आबांनी बाहेरच्या लोट्याकडे एकदा बघितलं. म्हणाले, "धक्का द्यायला एकच गोष्ट आहे. कचऱ्याच्या पेट्या खाली ढकलायचं छोटं रॉकेट. कचऱ्याचं! त्याला तिचा लोटा बांधू?"

"मी पुसून देते," मी म्हणाले.

मी ते रॉकेट लख्ख पुसलं, त्याला कुंकवाचं बोट लावलं. आबांनी यंत्रहातानं ते बाहेर नेलं, लोटा धरून त्याला बांधला आणि रॉकेटचं झोताचं तोंड पुढं वळवलं. "झोत पुढं, की धक्का मागं," ते पुटपुटले. बटण मी दाबलं. लोटा मागं पडला, मग खाली जाऊन दिसेनासा झाला.

आम्ही पृथ्वीची अर्धी फेरी होईपर्यंत खिडकीशीच होतो. मग आमच्या खूप पुढं, खाली अंधारात, उजेडाची एक बारीक रेघ उमटली.

"आतली वाट आखूड, म्हणून ती आपल्या पुढं निघून गेली," आबा म्हणाले. "आता हवेच्या घासण्यानं तापून लोटा वितळेल, राख हवेत पसरेल आणि सावकाश मातीवर उतरेल. पुढच्या यानानं आपणही खाली जाऊ."

"आबा, मागं वळून बघायचं नसतं," मी हळूच म्हणाले.

"आपण मागं कुठं बघतोय?" ते म्हणाले. "ती पुढं आहे."