नव्या रंगाची जुनी जीप

"पप्पा, ही जीप कधी पठारावर जाणार? का हिच्यात कोंबड्याच पाळायच्या?"

जीप पठारावर चढणारच नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून अक्षरानं वकील बापाला, दीपंकरला, भर जेवणात विचारलं. त्या मैत्रिणींपैकीच शेजारची अबोली ओढणी तोंडावर धरून दारात हसत होती.

दीपंकरनं घास खाली ठेवला. गुंजी गावाच्या पुढच्या रानातलं ते पठार त्याच्याही मनात होतंच. "जाऊ की! पण स्वतःच्या चाकांवर वर गेली आणि परत आली, तरच जीप आपली. न्हाय तर सांबरा गावचं गिऱ्हाईक विकत घ्यायला तयार हाय."

"आणि पैसा एकाच कामाचा आहे," ज्योत्स्नानं आठवण करून दिली. "ब्रेकचे झिजलेले लायनर बदलायचे का रंग द्यायचा?"

"रंग!" अक्षरा उठूनच उभी राहिली. "सगळे हिला गंजकी म्हैस म्हणतात, मम्मी! लायनर पुढच्या महिन्यात घालू."

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पेंटरनं सगळा पत्रा सोलायचं काम सांगितलं. ते परवडणारं नव्हतं. वरून नुसता फवारा मारणं स्वस्त, पण गंज आत तसाच. मग घरीच बसले तिघं. तारेच्या ब्रशनं घासलं, पॉलिश पेपर मारला, गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात दिला, आणि त्यावर ट्रॅक्टरचा हिरवा रंग. मागच्या तळाला चार गोल भोकं सापडली. गंजानंच खाल्ली असणार! अक्षरानं ती पुट्टीनं भरून इतकी गुळगुळीत केली की दीपंकरनं पाठ थोपटली.

दिवाळीच्या सुट्टीत तिघं निघाले. गुंजी मागं पडलं, डांबर संपलं, आणि दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्यावर झुकत आली. उन्हाचे कवडसे बॉनेटवरून सरकत होते. पुढं ओढा आडवा आला. पाणी गुडघाभर, तळाला गोटे, पलीकडे लाल मातीचा उभा काठ.

"हळू घ्या हं," ज्योत्स्ना म्हणाली.

दीपंकरनं हळू घेतली नाही. जीप धाडकन पाण्यात उतरली! लाट उसळली आणि उघड्या बाजूनं थेट आत आली. गोट्यांवरून धडपडत जीप काठावर चढू लागली. निम्म्यात इंजिन गुरगुरलं. चाकं जागीच फिरली. आणि जीप मागं सरकायला लागली!

"ब्रेक दाबा की!"

"दाबलाय गं! भिजलाय, धरंना!"

हँडब्रेक तर नावालाच होता. ज्योत्स्नानं उडी मारली, एक मोठा दगड दोन्ही हातांनी कवटाळला आणि मागच्या चाकाखाली सारला. कच्च! जीप थांबली.

अक्षरानं मागं पाहिलं. मागचा हौदा परातीसारखा भरला होता. एवढं पाणी जाईना कसं?  ती भोकं गंजाची नव्हतीच! पाणी निघून जायला गाडी बनवणाऱ्यानंच ठेवली होती!

"स्क्रू ड्रायव्हर द्या! हातोडी पण!"

"अगं, रंग जाईल की!"

"जाऊ दे!"

ती मागं हौद्यातल्या पाण्यात गुडघ्यांवर बसली. बोटांनी तळ चाचपला. इथं गुळगुळीत... इथंच! ठोका दिला. पुट्टी फुटली, हिरवा पापुद्रा वर तरंगला. दुसरं. तिसरं. चौथं! जीपखालून पाण्याच्या धारा सुटल्या.

"आता घ्या, पप्पा!"

हलकी झालेली जीप फुरफुरत काठावर चढली आणि सपाटीवर उभी राहिली.

समोर पठार. झाडांच्या शेंड्यांवरून त्याची कड स्पष्ट दिसत होती. एकच वळणाची चढण, एका बाजूला दरी. दीपंकरनं ब्रेक दाबून पाहिला. पेडल तळाला टेकलं. पुन्हा दाबला. पुन्हा तळाला.

"एवढंच तर राहिलंय," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "पहिल्या गिअरला जाईल हळूहळू. न्हाय तर पैज गेली की गं तुझी."

 ज्योत्स्ना लेकीकडं बघत होती.

अक्षरानं पठाराकडं एकदा डोळे भरून पाहिलं. मग वाकून चावी काढून घेतली.

"पप्पा, मम्मी, माझं ठरलं. वर जायचं न्हाय. जीप इथंच ठेवायची, गुंजीपर्यंत चालत जायचं आणि मिस्त्रीला लायनर घेऊन आणायचं. नंतर विकायची तर विका. पण त्या गिऱ्हाईकाला रंग न्हाय, आधी ब्रेक दाखवायचे!"