कडू लागतंय का?

घरी गेल्यावर बाळाला घेण्याआधी मी तीनदा हात धुते. नवरा म्हणतो, "चौथ्यांदा धुतलेस तर हातावरच्या रेषा जातील." मी हसण्यावारी नेते. पण त्या दुपारचं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

इस्पितळातलं माझं काम साधं आहे. संसर्गाच्या वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येकाचा मास्क नीट बसतो का, ते तपासायचं. माणसाला मास्क घालून खुर्चीत बसवायचं, डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा आणि टोपाच्या भोकातून कडू औषधाचा फवारा मारायचा. कडू लागलं नाही तर पास. लागलं तर मास्क बदलून पुन्हा. शिकल्यासवरल्या बाईला चुकवता येणार नाही इतकं सोपं. मी चुकवलं.

बाळंतपणाच्या रजेवरून परतले होते, तो पहिलाच आठवडा. शेवटचा नंबर सफाईवाल्या मावशींचा होता. पान्हा फुटून ब्लाउज भिजला होता, डोळे घड्याळाकडे.

"जरासं कडू लागतंय, ताई," मावशी टोपातून म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "जाऊ द्या. लेकरू वाट बघत असेल. एकदा आणा की त्याला, टाळूवर हात तरी ठेवीन."

मी 'पास' लिहिलं.

चार महिन्यांनी मावशी त्याच वॉर्डात होत्या, पण झाडू घेऊन नाही, खाटेवर. पुढे खाटही रिकामी झाली.

त्यांच्या जागी त्यांची सून लागली. त्या दुपारी तपासणीला आली. आमची खोली तळघरात. झरोक्यातून येईल तेवढाच उजेड, आणि फिनेलचा वास. मी खुंटीवरचा टोप काढला. आतून वाफ धरली होती... नुकतंच कुणी त्यात श्वास घेऊन गेल्यासारखी. दिवसातली ती पहिलीच तपासणी. मी टोप पुसला आणि तिच्या डोक्यावर चढवला.

"जरासं कडू लागतंय, ताई..."

आवाज घोगरा होता, दमलेला.

"अगं, मी अजून फवारा मारलाच नाही." बाटलीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

"मी कुठे काय बोलले?"

तिच्या तोंडासमोरचं प्लास्टिक स्वच्छ होतं. वाफ धरत होती ती तिच्या डोक्यामागे. हळूहळू वाढायची, विरायची, पुन्हा वाढायची...

मी पळाले नाही. धीट आहे म्हणून नव्हे, पायच उचलेनात. झाकण उघडून फवारा मारला. तिला कडू लागलं. मास्क बदलला, तरी लागलं. तिसरा बसला. मागची वाफ तेव्हा विरली, ती परत आली नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. कडू, घड्याळ, पास. ती मास्कची पट्टी बोटाला गुंडाळत राहिली.

"सासूबाई त्या दिवशी घरी येऊन बोलल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, आज ताईंना लवकर सोडलं मी. खूश होत्या."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी वहीतलं मावशींच्या नावापुढचं 'पास' खोडलं, 'नापास' लिहिलं, खाली सही केली. वही वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली आणि उशिरा घरी गेले. अंघोळ केली, कपडे बदलले, हात तीनदा धुतले.

"आज भारी शहाण्यासारखा झोपला गं," माझ्या सासूबाई म्हणाल्या. "मी थोपटलंही नाही. आपला वर बघून हसत होता, हसता हसता झोपला."

मी वाकून त्याच्या टाळूचा पापा घेतला.

ओठांना कडू लागलं.