भिंतीसमोरचा थांबा

दर गुरुवारी सांगलीहून साताऱ्याची एसटी धरायची, पिशवीत खोबरेल तेलाची बाटली आणि चार दशम्या टाकायच्या, हा सुकुमार उपाध्ये यांचा दीड वर्षाचा नेम. कॉलेजात पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. पण घराचं कुलूप तीनदा ओढून पाहिल्याशिवाय पाय निघत नसे.

त्यांची पत्नी गुणमाला साताऱ्याबाहेरच्या एका वृद्धनिवासात होती. आठवण पुसत चाललेल्या म्हाताऱ्यांसाठीच्या बारा खाटा. 'थोडे दिवस' म्हणून त्यांनी तिला तिथं आणून सोडलं होतं.

निवासाच्या मागच्या आवारात एसटीचा एक खोटा थांबा होता. दिवस कलला की तिथली माणसं घरी जायचं म्हणून दाराशी झटत. मग बाक टाकला, वर पत्रा घातला. बसून बसून माणूस कुठं जायचं तेच विसरे आणि निमूट आत येई. अक्षर चांगलं म्हणून पाटी सुकुमाररावांनीच रंगवून दिली होती : सातारा–सांगली. समोर रस्ता नव्हताच, दहा फुटांची भिंत होती.

तिथं राहणारा नाथाजी हा जुना कंडक्टर. तो बाकाच्या दांडीवर तिकिटांचा चिमटा टकटक वाजवी आणि वर्तमानपत्राचे कपटे सगळ्यांना तिकीट म्हणून देई. पंधरा दिवसांपूर्वी तो वारला.

त्या गुरुवारी सेविका मनुबाई हळूच म्हणाली, "आवं सर, आज बाईंस्नी थांब्यावर नका नेऊ. नाथाजी गेल्यापासनं सांजचं तितं टकटक ऐकू येतंय."

तापलेला पत्रा निवताना वाजतो, हे त्यांनी तिला सविस्तर समजावलं. तिला पटलं नाही. मग पटवण्यासाठीच ते गुणमालाला घेऊन थांब्यावर जाऊन बसले.

ऊन भिंतीच्या माथ्यावर चढलं होतं.

"आज नेणार ना घरी?" तिनं विचारलं. "दिवस मावळायच्या आत जेवायला हवं."

"बस आली की निघू," ते म्हणाले. हे ते दर गुरुवारी म्हणत.

जैन रीतीनं दिवस मावळल्यावर ती जेवत नसे. आयुष्यभर ती मावळतीच्या आत दोन ताटं मांडून वाट पाहत बसे. ते ग्रंथालयातून उशिरा येत. तोवर दिवस बुडालेला असे, आणि ती उपाशीच निजे. एकदाही बोलली नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

वारा पडला. कुठूनसा डिझेलचा वास आला. मग डोक्यावर नाही, अगदी कानाशी... टक. टक टक.

पत्रा, त्यांनी मनात म्हटलं. पण पत्रा वर होता, आणि बाक खालून थरथरत होता, उभ्या गाडीचं इंजिन चालू असावं तसा.

"सांगली..." बाजूनं घोगरा आवाज आला. "किती शीट?"

त्यांनी मान वळवली नाही. दोन, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला. पण समोर भिंत आहे, बस येऊच शकत नाही, आणि आलीच तर ती कुठं नेईल... ते पायाखालच्या मुरमाकडे बघत राहिले.

"एकच," गुणमाला म्हणाली. आवाज स्वच्छ होता, आजाराआधीचा. "ह्यांना कधीच यायचं नसतं."

थरथर थांबली. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. तिला झोप लागली असंच ते समजत राहिले, मनुबाई जेवायला बोलवायला येईपर्यंत.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. थांब्यावरचं ते कुणाजवळ बोलले नाहीत. ऐकलं ते खरंच ऐकलं का, याचीच त्यांना खात्री नव्हती. सकाळी साताऱ्यातच सगळं उरकलं आणि दिवस मावळायला आला तेव्हा ते सांगलीला घरी पोचले. कुलूप जसंच्या तसं होतं. सवयीनं त्यांनी ते तीनदा ओढून पाहिलं, मग उघडलं.

दीड वर्ष ते डब्यावर जेवत होते. तिची दोन ताटं तेव्हापासून फडताळात पडून होती.

आता फडताळात एकच ताट होतं. दुसरं ओट्यावर, धुऊन पालथं घातलेलं. त्याच्या कडेनं अजून पाणी निथळत होतं.