पानं वाढलीत, या

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. मी स्वतः इंजिनीअर, भुताखेतांची टिंगल करतच वाढले. पण त्या संध्याकाळी मी तिथे होते आणि जे ऐकलं ते याच कानांनी ऐकलं.

नोव्हेंबर १९८६. शनिवार. न्यू जर्सीत पार्सिपनीजवळचं एक जुनं दगडी घर. पाच वाजताच बाहेर मिट्ट काळोख झाला होता.

मी तेव्हा एमएस करत होते. सुट्टी मिळाली की बसने सुमित्रा मावशीकडे जायचे. मावशीचे यजमान श्रीरंगकाका मोठ्या हुद्द्यावर होते आणि आणखी मोठं प्रमोशन हातातोंडाशी आलं होतं. आपले बाकीचे लोक नव्या टाउनहाउसमध्ये राहायचे. काकांनी मात्र हे थंडगार, करकरणारं घर घेतलं होतं. रुबाब म्हणून.

वरच्या खोलीत काकांचे वडील असायचे. नाना.

नाना एकेकाळी वर्ध्याकडच्या एका गावचे नगराध्यक्ष होते. सभा गाजवणारा माणूस. मग अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढायला लागला, शब्द तोंडातच अडकायला लागले, जेवताना घास ओघळायचा. काकांनी त्यांना इकडे आणलं, सगळे उपचार केले. त्यात कसूर नव्हती.

मावशीला तिच्या सासूबाईंनी एक सवय लावली होती. पुरुषांना नाव घेऊन जेवायला बोलवायचं नाही. ती जिन्याखाली उभी राहायची आणि म्हणायची, "पानं वाढलीत, या."

एवढंच. कोणी या, ते नाही.

मग वरून नानांच्या स्लिपर्सचा आवाज यायचा. एक पाऊल टाकलेलं, एक ओढलेलं.

पण मला त्यामागे आणखी एक आवाज ऐकू यायचा...

बुटांचा.

जड, चामडी, टाचेचे बूट. जिन्याच्या वळणापर्यंत यायचे आणि तिथेच थांबायचे.

"मावशी, काका वर आहेत का गं?"

"नाही, बेसमेंटमध्ये आहेत. जुनं लाकूड आहे, वाजतं."

पण आपल्या घरात बूट घालून कोण फिरतं? सगळ्यांच्या वहाणा दाराशी.

त्या शनिवारी काकांचे बॉस मिस्टर हॉलंड आणि त्यांची बायको जेवायला यायचे होते. दुपारी काका वर गेले. मी जिन्यातच होते, मला सगळं ऐकू आलं.

"नाना, आज तुम्ही वरच जेवून घ्या. ऑफिसचे लोक आहेत. तुम्हालाच ऑकवर्ड होईल."

"बरं," नाना म्हणाले.

काका माझ्याकडे न बघता खाली उतरले.

नानांचं ताट मावशीने माझ्याच हाती दिलं. वर जाऊन बघते तर नाना काळा कोट आणि टोपी घालून खुर्चीत ताठ बसलेले. पाहुणे येणार म्हणून ते आधीच तयार झाले होते. मला मान वर करवेना. ताट ठेवलं आणि खाली आले.

हॉलंड जोडपं आलं. दाराशी बूट काढायला त्यांना गंमत वाटली.

"तुमचे वडील इथेच असतात ना?" हॉलंडनी विचारलं.

"नो, नो. इंडियात असतात. समरमध्येच परत गेले," काका म्हणाले.

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली.

मिसेस हॉलंड याच गावात वाढलेल्या. घर बघून त्यांचे डोळे चमकले. "इथे लॉर्ड हॅदरवेल राहायचे, ठाऊक आहे तुम्हाला? खरेखुरे इंग्लिश लॉर्ड."

त्यांनी सांगितलं ते असं. लॉर्डसाहेब तरुणपणीच पार्लमेंटमध्ये गेले. पुढे मंत्री झाले. इकडच्या एका गिरणीमालकाच्या मुलीशी, कॉर्नेलियाशी, लग्न केलं. त्यांच्या घरी मोठमोठ्या माणसांच्या पंगती उठायच्या. मग एक दिवस भर सभागृहात ते भाषणाला उभे राहिले आणि भलतेच शब्द तोंडातून यायला लागले. आधी लोक हसले. मग कळलं, डोक्यात काहीतरी तुटलंय.

कॉर्नेलियाने त्यांना माहेरच्या या घरी आणलं. मुलगा ज्युलियन तेव्हा स्वतः निवडणुकीच्या खटपटीत होता. देणगीदार, पुढारी इथे जेवायला यायचे. मुलगा सांगायचा, पपा स्कॉटलंडला मासेमारीला गेलेत.

"आणि ते वर असायचे," मिसेस हॉलंड म्हणाल्या. "मी लहान होते. खिडकीत दिसायचे. रोज संध्याकाळी काळा कोट, चकचकीत बूट घालून बसलेले. जेवणाची घंटा वाजायची वाट बघत. ती घंटाच मुलाने काढून टाकली होती, त्यांनी खाली येऊ नये म्हणून."

काकांनी ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

तेवढ्यात मावशी स्वयंपाकघरातून आली. रोजच्या सवयीने, तंद्रीत, ती जिन्याशी जाऊन उभी राहिली.

"पानं वाढलीत, या."

म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला.



मग वर दार उघडलं.

आणि पावलं वाजली.

एक... एक... एक...

"घरात कोणी आहे का?" मिसेस हॉलंडनी विचारलं.

काका उठले. कान लाल झाले होते. ते जिन्याकडे धावले, मी त्यांच्या मागे. पावलं वळणापर्यंत आली होती. काकांनी वर पाहिलंच नाही. मान खाली घालूनच ते कुजबुजले, "नाना, वर जा. प्लीज. माझी लाज काढू नका."

पावलं थांबली.

काकांनी मान वर केली.

जिन्यात कोणी नव्हतं.

दिवा चालू होता. सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. आणि त्या रिकाम्या पायऱ्यांवरून, आमच्या डोळ्यांदेखत, बुटांचा आवाज हळूहळू वर परत गेला.

आम्ही वर गेलो. नाना तसेच बसले होते. कोट, टोपी. ताटाला हात लावलेला नाही. खोलीत बूट पॉलिशचा वास येत होता.

"नाना, तुम्ही खाली येत होतात?"

नानांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने शब्द आले. "मी नाही. ते गेले. मी म्हटलं त्यांना... आपल्याला नाही बोलावलं. ऐकेनात."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग काकांकडे.

"तूपण परत पाठवलंस?"

त्या क्षणी काकांनी नानांचा हात धरून त्यांना खाली आणायला हवं होतं. मला वाटलं, आता आणतील.

काकांनी दार हळूच लावून घेतलं. खाली येऊन पाहुण्यांना म्हणाले, हीटिंगचे पाइप वाजतात. मग आम्ही सगळे जेवलो. मीसुद्धा.

नाना फेब्रुवारीत गेले. त्याच खुर्चीत. काळा कोट अंगात होता.

त्यानंतर मावशीने हाक मारली की दोन आवाज यायचे. बुटांचा, आणि ओढलेल्या स्लिपरचा. दोन्ही वळणावर येऊन थांबायचे.

"अहो, तुम्ही बोलवा ना त्यांना," मावशी रडकुंडीला यायची. "तुमच्या तोंडून ऐकायचंय त्यांना."

काका पानाकडे बघत बसायचे. थोड्या वेळाने आवाज परत जायचे. शेवटी घर विकलं.

मावशी आता नाही. काका ओहायोत डब्लिनला मुलीकडे, दीपाकडे असतात. गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेले होते. दीपाच्या ऑफिसचे लोक जेवायला आले होते आणि काका कुठे दिसेनात. दीपा म्हणाली, "बाबा ऑलवेज असंच करतात. गेस्ट्स आले की स्वतःच वर जाऊन बसतात. बोलाव ना यार तूच."

मी वर गेले. काका अंधारात खुर्चीत बसले होते. अंगात काळा कोट. पायांत बूट, घरात.

"काका, चला. पानं वाढलीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाराशेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "आधी त्या दोघांना बोलव."

पॉलिशचा वास आला...

दोन शब्द म्हणायचे होते फक्त. मी दार ओढून घेतलं आणि एकटीच खाली आले.

"दीपाचे वडील कुठे आहेत?" एका पाहुण्याने विचारलं.

"झोपलेत," मी म्हणाले.

वर कोणीतरी जिन्यापर्यंत येऊन थांबलं होतं.